सावली सोबत मिळणार नाही

सासऱ्यांनी निवृत्तीनंतर पेनं करायला घेतली तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही, कारण त्याआधी त्यांनी सोसायटीची लिफ्ट सुधारायला घेतली होती. त्या मानाने पेन लहान होतं, घरातल्या घरात होतं, आणि त्यात कुणी अडकून पडण्याची भीती नव्हती.

आम्ही मोशीत राहतो. माझं सासर मूळचं इथलंच. गाव होतं तेव्हापासूनचं. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही म्हणते. त्यांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कंपनीत तपासणी खात्यात गेली. दुसऱ्यांनी केलेली वस्तू मापायची आणि ‘चालेल’ किंवा ‘न्हाई चालणार’ एवढंच सांगायचं. स्वतःच्या हाताने त्यांनी आयुष्यात काही केलेलं नव्हतं, आणि ते त्यांच्या पहिल्या काही पेनांवरून कळतही होतं. एकाचं टोपण निघायचं नाही, एकाचं बसायचं नाही. पण भोसरीहून आणलेलं ते जुनं छोटं लेथ मशीन मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी बसलं ते बसलंच. कडक रबराच्या काळ्या नाहीतर लाल कांड्या आणायच्या, त्या कातायच्या, घासायच्या, निब बसवायची. कातताना जळक्या टायरसारखा वास सुटायचा. वरच्या मजल्यावरच्या काकू मधूनमधून खाली येऊन विचारायच्या, “सगळं ठीक आहे ना?”

हळूहळू पेनं बरी व्हायला लागली. मग ती विकायची ठरली, आणि तिथे मी आले. मी हिंजवडीच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, बहुतेक दिवस घरूनच. घरात कॉम्प्युटर उघडून बसलेली मीच, त्यामुळे कॉम्प्युटरशी संबंधित जगातलं जे काही असेल ते माझं. नवरा चाकणच्या कंपनीत शिफ्टमध्ये. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो.

हाताने केलेल्या वस्तू विकणाऱ्या एका वेबसाइटवर पेनं टाकायची होती. त्यांचा नियम असा की फोटोच्या मागे पांढरं शुभ्र हवं. मी इस्त्रीच्या टेबलावर पेन ठेवून मोबाइलने फोटो काढला, सॉफ्टवेअरमध्ये टेबल, इस्त्रीचा डाग, पडदा सगळं पुसून टाकलं, आणि पांढऱ्यावर फक्त पेन उरवलं. सासूबाई मागून जाता जाता थांबल्या.

“हे असं अधांतरी का लोंबकाळतंय?” त्या म्हणाल्या. “कुणी भिरकावलंय का?”

त्यांचं बरोबर होतं. पेन कुठेच ठेवलेलं वाटत नव्हतं. मग शोधताना मला सॉफ्टवेअरमधली सावलीची सोय सापडली. एक बटण दाबलं की वस्तूच्या खाली करडी सावली येते. ती कुठल्या बाजूला पडावी, किती गडद असावी, तिची कड किती पुसट असावी, हे सगळं सरकवून ठरवता येतं. मी सावली टाकली आणि पेन एकदम खाली बसलं. दमलेलं माणूस खुर्चीत टेकतं तसं. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी सगळ्या पेनांना सावल्या लावून टाकल्या.

संध्याकाळी अप्पांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं तपासणीचं तेज आलं.

“ह्यात सूर्य कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

“सूर्य नाहीये अप्पा. सॉफ्टवेअरने टाकलीये सावली.”

“आसं कसं? सावली हाय म्हंजी उजेड हाय. ह्या लाल पेनाला सकाळचा उजेड हाय. हे काळं पेन, ह्याला दुपार टळून गेलीया. आनि दोन्ही एकाच पानावर हायेत.”

मी पाहिलं. खरंच, प्रत्येक पेनाची सावली मी मनाला येईल तिकडे पाडली होती. त्यांच्या समाधानासाठी मी सगळ्या सावल्या एका दिशेला वळवल्या. दुसऱ्या दिवशी मी घरूनच ऑनलाइन मीटिंगमध्ये असताना ते एक पेन आणि पांढरा कागद घेऊन दारात उभे राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, “पोरी, सावलीत फॉल्ट हाय!” माइक बंद करायचा माझ्याकडून राहिला होता. आमचे बंगळुरूचे मॅनेजर गंभीरपणे म्हणाले की तो फॉल्ट आपल्या यादीत नाही, कुणी नोंदवला?

फॉल्ट असा होता की त्यांनी खिडकीत खरं पेन ठेवून पाहिलं होतं आणि खरी सावली काही माझ्या सावलीसारखी पडत नव्हती. खरी जास्त लांब होती, टोपणापाशी तुटलेली होती, आणि एका ठिकाणी तर जवळजवळ नव्हतीच.

“म्हंजी ही सावली आपल्या पेनाची न्हाई,” अप्पा म्हणाले.

“नाही.”

“मंग कुनाची हाय?”

“कुणाचीच नाही अप्पा. सगळे टाकतात. चांगलं दिसतं.”

“चांगलं दिसतंय हे मला मान्य हाय. पर ड्रॉइंगमधी एक आनि मालात एक आसं असलं तर ते लिहून द्यावं लागतं. कंपनीत तर डब्याला चिठ्ठी बांधल्याबिगर माल गेटच्या भाईर जायचा न्हाई.”

मी म्हटलं, हे काही यंत्राचे सुटे भाग नाहीत. ते म्हणाले, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “दे गं लिहून. न्हाईतर जेवायला बसायचे न्हाईत.” शेवटी मी प्रत्येक पार्सलमध्ये घालायला एक छोटी चिठ्ठी छापली. मजकूर त्यांनी सांगितला तसाच ठेवला: ‘फोटोत दिसणारी सावली या पेनाची नाही. ती नंतर घातलेली आहे. पेनाबरोबर सावली मिळणार नाही.’

मला वाटलं, लोक हसतील आणि फेकून देतील. बहुतेकांनी तसंच केलं असणार. पण एक पेन अकोल्याच्या एका वकीलसाहेबांकडे गेलं.

वेबसाइटवर तक्रार आली: ‘वस्तू अपूर्ण मिळाली. चित्रात दाखवलेली सावली पाठवलेली नाही. न पाठवल्याचं विक्रेत्याने लेखी कबूल केलं आहे.’ सोबत आमच्या चिठ्ठीचा फोटो.

मी आधी हसले, मग वेबसाइटच्या मदत केंद्राला स्पीकरवर फोन लावला. तिकडून एक मुलगी अगदी गोड आवाजात बोलत होती.

“मॅडम, तुमची केस ‘सुटा भाग कमी’ या प्रकारात आहे. तुम्ही भाग पाठवू शकता किंवा वस्तू परत घेऊ शकता.”

“अहो ताई, तो भाग नाहीये. सावली आहे.”

“हो मॅडम, सावली. लिहून घेते. रंग कुठला?”

“काळा. म्हणजे करडा. म्हणजे, ताई, सावली! उन्हात पडते ती.”

“बरोबर मॅडम. तुमच्याकडे स्टॉकमध्ये नाहीये का?”

मी काय उत्तर द्यावं याचा विचार करत असतानाच शेजारी बसलेले अप्पा फोनकडे वाकले आणि म्हणाले, “ह्या हप्त्यात डिस्पॅच करतो.”

“थँक यू सर,” मुलगी म्हणाली, आणि तिने ते नोंदवून फोन ठेवला.

मी कपाळाला हात लावला. अप्पा निवांत होते. नोकरीत तारीख दिली आणि पाळली नाही असं कधी झालं नव्हतं, आणि मला वाटतं तारीख देण्याची संधी त्यांना निवृत्तीनंतर मिळालीच नव्हती.

मी थेट वकीलसाहेबांनाच फोन केला. म्हटलं थट्टा असेल तर हसून संपवू. पण ते थट्टा करत नव्हते. आवाजावरून वयस्कर, आणि बोलणं एकेक शब्द तोलून.

“पेनाबद्दल माझी तक्रार नाही,” ते म्हणाले. “पण मी ते पेन त्या सावलीसकट पाहिलं होतं. मऊ, गडद, एका बाजूला कललेली. पेनाला जणू कुणी आहे असं वाटलं. आता ते माझ्या टेबलावर आहे. माझ्या खोलीत तीन ट्यूबलाइट आहेत. त्याला तीन फिक्या सावल्या पडतात, तिन्ही तीन दिशांना. बघवत नाही.”

“एक ट्यूब बंद केली तर?”

“मग दोन पडतात,” ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी हे घरात सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “एकटा असंल बिचारा.” अप्पा म्हणाले, “तीन ट्यूब कशापायी लावल्या असतील?” आणि दोघं आपापल्या परीने वकीलसाहेबांचा विचार करायला लागले.

सावली बनवायचं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. अप्पांनी मला लॅपटॉपवर त्या पेनाचा फोटो उघडायला लावला, आणि जाडी-रुंदी मापायचा आपला व्हर्नियर काढून पडद्याला लावला. मी जरा मोठं दिसावं म्हणून फोटो वाढवला.

“हलवू नको! माप बदलतंय.”

“अप्पा, पडद्यावरच्या मापाला काही अर्थ नाही. मी वाढवीन तेवढी वाढते.”

“मंग पेनाएवढं कर आनि हात काढ त्यावरनं.”

मी तसलंच दुसरं पेन पडद्याला लावून फोटो पेनाएवढा केला. लांबी मापून झाली. अप्पा रुंदी मापायला गेले आणि अडले. व्हर्नियरचा जबडा सावलीच्या कडेला न्यायचे, परत आणायचे, चष्मा पुसायचे.

“हिची कड कुठं संपती?”

“संपत नाही. पुसट होत जाते.”

“पर कुठंतरी संपत आसंल की.”

मी नुसते ठिपके दिसेपर्यंत वाढवून दाखवलं. काळा, मग करडा, मग फिका करडा, मग असा करडा की तो पांढरा आहे की नाही ते सांगता येत नव्हतं. अप्पा बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघत बसले. ज्या माणसाने सगळ्या नोकरीत वस्तूची कड कुठे आहे एवढंच शोधलं, त्याच्यापुढे मी कड नसलेली वस्तू ठेवली होती. मला त्यांचं वाईट वाटलं. “अंदाजे धरा,” मी म्हटलं. अंदाज हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढायचा नसतो.

त्यांनी मधली कुठलीतरी रेघ धरली आणि त्याच काळ्या रबराची पातळ पट्टी कापून, घासून, सावली केली. पेनाच्या खाली ठेवली. माप अगदी चोख होतं, पण दिसायला ती सावली वाटत नव्हती. सासूबाईंनी पदराला हात पुसत पाहिलं.

“पेनावरनं रोडरोलर गेल्यागत दिसतंय,” त्या म्हणाल्या.

नवरा शिफ्टवरून आला होता, डबा हातात तसाच. तो म्हणाला, “राव, आमच्या इथं ह्याला रिजेक्शन म्हणतात.” आणि झोपायला गेला. अप्पांना हे लागलं. त्यांच्याच घरात, त्यांच्याच मालाला, त्यांचाच शब्द.

पुढचे दोन-तीन दिवस बाल्कनीतून वास येत राहिला. एक पट्टी कडेला उतरती केली. एकीला सँडपेपर मारून करडं केलं. एक भट्टीत तापवावी का असं ते विचारत होते, पण आमच्याकडे भट्टी नव्हती आणि कुकर मी देत नव्हते. आठवडा संपत आला तसे ते जेवताना कॅलेंडरकडे बघू लागले.

मग एका दुपारी मी खोलीतून बाहेर आले तर सासूबाई हॉलमध्ये फरशीवर बसल्या होत्या. समोर माळ्यावरची जुनी काळी घोंगडी पसरलेली, हातात शिवणाची मोठी कात्री. घोंगडीतून पेनाएवढा, थोडा कललेला, लांबट तुकडा त्यांनी कापला होता आणि त्याच्या कडेच्या दशा काढत होत्या. दशा निघाल्या की दाताच्या जुन्या ब्रशने लोकर विंचरायची, म्हणजे कड पिंजारून फिकी होत जायची. त्यांनी तुकडा फरशीवर ठेवला, वर पेन ठेवलं, आणि मागे सरल्या.

ती सावली होती. मी शपथेवर सांगायला तयार आहे. मऊ, गडद, एका बाजूला कललेली, आणि कड कुठे संपते ते दिसत नव्हतं.

“कशी केलीत?” मी विचारलं.

“केली कशाची. लोकर मऊ असती. तुमी दोघं घासत बसला व्हता, घासून मऊ व्हतंय व्हय?”

अप्पा आले. त्यांनी आधी घोंगडीला पडलेलं भोक पाहिलं आणि आवाज चढवला, “आगं, ही काय म्हनून कापलीस? थंडीत अंगावर घ्यायची व्हती.” सासूबाई म्हणाल्या, माळ्यावरून ती शेवटची कधी खाली आली होती तेवढं सांगा, मग बोला. मग अप्पांनी पेनाकडे पाहिलं. गुडघ्यावर बसले. डोकं फरशीला टेकेपर्यंत वाकून कडेकडून पाहिलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, “चालंल.”

आमच्या घरात हा शब्द फार थोड्या गोष्टींना मिळाला आहे. माझ्या स्वयंपाकाला अजून मिळायचा आहे.

कुरिअरच्या दुकानात गर्दी होती. काउंटरवरच्या भाऊंनी पाकीट हातात घेऊन वजन केलं, जवळजवळ काहीच भरेना. “आत काय आहे ताई?” मी कंटाळले होते, खरं तेच सांगितलं, “सावली.” त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागच्या रांगेकडे, आणि विचारलं, “दुमडली तर चालते ना?” मी म्हटलं चालते.

आठवड्याने वकीलसाहेबांनी फोटो पाठवला. काचेचं मोठं टेबल, फायली, त्यात आमचं पेन, आणि त्याखाली घोंगडीची सावली. तिन्ही ट्यूब चालू होत्या, त्यामुळे एकूण चार सावल्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘आता निदान एक तरी आपली आहे. आभारी आहे.’ तक्रार त्यांनी मागे घेतली आणि वेबसाइटवर चांगला शेरा दिला: ‘सावली अत्युत्तम. पेनही ठीक.’

“पेनही ठीक!” अप्पा दिवसभर म्हणत होते. पाणी पिताना, टीव्ही बघताना, मध्येच. “पेनही ठीक!”

त्या शेऱ्याखाली लोकांनी विचारायला सुरुवात केली की सावली वेगळी मिळेल का. कुणाकडे आधीच पेन होतं, कुणाला पेन नकोच होतं. एका बाईंना चष्म्यासाठी हवी होती. सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मोजमाप पाठवा म्हनावं,” आणि कात्रीला धार लावून आणायला त्यांनी अप्पांनाच पाठवलं.

आता सावलीचा फोटो टाकायला हवा होता. मी घोंगडीचा तुकडा इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, फोटो काढला, टेबल पुसलं, पांढऱ्यावर नुसती सावली उरवली. तिघांनी पाहिलं. कुणाला काही पटेना.

“डाग पडल्यागत वाटतोय,” सासूबाई म्हणाल्या. “कागदावर कायतरी सांडलंय.”

कशाने ती बरी दिसेल ते मला कळत होतं, पण तोंडातून काढायची हिंमत होत नव्हती. शेवटी अप्पाच म्हणाले. खाली मान घालून, जरा लाजत.

“तिला थोडी सावली टाकून बघ की.”

टाकली. एकदम छान दिसली. तुकडा पांढऱ्यावर नीट बसला, त्याची जाडी कळली, लोकर कळली. वेबसाइटने तो फोटो दुसऱ्याच दिवशी नाकारला. कारण दिलं होतं, ‘फोटोत मुख्य वस्तू दिसत नाही. फक्त सावली दिसते.’ मी पुन्हा मदत केंद्राला फोन केला. या वेळी दुसरी मुलगी होती. तिला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, ‘टेबलावरची इतर वस्तू’ या प्रकारात टाका. तिथे कुणी बघत नाही.” टाकलं. मंजूर झालं. पार्सलमध्ये चिठ्ठी घालावी लागलीच. तिचा मजकूर ठरवताना अप्पांनी बराच विचार केला आणि ‘या सावलीबरोबर तिची सावली मिळणार नाही’ असं लिहायला लावलं. त्यावर अजून तरी कुणाची तक्रार आलेली नाही.

दिवाळीच्या आधी घोंगडी संपली. सासूबाई नवी आणायला आळंदीच्या बाजारात गेल्या, तिथे मनासारखी काळी मिळेना, तपकिरी घेऊन आल्या. त्या सावल्या जराशा मातकट दिसतात. आम्ही त्यांना संध्याकाळच्या सावल्या म्हणतो, आणि त्याच जास्त खपतात. का ते कुणालाच सांगता येत नाही.

अप्पांची पेनंही खपतात, नाही असं नाही, पण गिऱ्हाईक आधी सावली निवडतं आणि मग विचारतं, हिच्यावर शोभेल असं पेन आहे का. पहिल्यांदा असा निरोप आला तेव्हा मी तो अप्पांना सांगू की नको या विचारात होते. सांगितला. ते बाल्कनीत गेले, नवी कांडी मशीनला लावली. मग मशीन न चालवताच परत आले आणि हॉलच्या दारात उभे राहिले. सासूबाई तपकिरी तुकडा विंचरत होत्या.

“केवढी कापलीस?” त्यांनी विचारलं.

“मोजली न्हाई. अंदाजानं कापली.”

अप्पा जवळ आले. मग त्यांनी तुकडा उचलला, तळहातावर आडवा ठेवून पाहिला, मान डोलावली, आणि त्याला शोभेल असं पेन करायला बाल्कनीत गेले.